तरंगती जमीन

सोमवार, ६ जानेवारी

झांज गेली.

व्हायोलिनच्या रेकॉर्डवर, दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी मागे कुठेतरी एक झांज हलकेच वाजते आणि विरत जाते. ती विरताना ऐकू यावी म्हणून मी आयुष्यभर खटाटोप केला. गेल्या वर्षीपर्यंत येत होती. मग नुसती वाजलेली कळायची, विरलेली नाही. आज वाजलेलीसुद्धा कळली नाही. सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली. झांजेच्या जागी काही नाही, नुसती हवा.

याचा अर्थ एकच. कुठून तरी कंप शिरतो आहे. सुईला जरा जरी हादरा बसला की सगळ्यात आधी बारीक आवाज पुसले जातात. हे मला कुणी शिकवायला नको, कारखान्यात माझं कामच ते होतं. शेजारी पत्रा ठोकणारी प्रेस दणादण आपटत असताना ग्राइंडिंगचं मशीन असं बसवायचं की त्याला त्याची खबरही लागू नये. खाली वाळू, वर कॉर्क, त्यावर रबर, मग काँक्रीट. "कारखान्यात प्रेसशी जे केलंत तेच घरी आम्हा सगळ्यांशी केलंत," असं ही म्हणते. बायकोने नवऱ्याच्या छंदाला नावं ठेवायची असतात, त्याचं काही नाही.

पण खरंच, काय करायचं बाकी ठेवलं आहे? टर्नटेबलखाली दगडी लादी, लादीखाली वाळूची पेटी, पेटीखाली टेनिसचे अर्धे कापलेले चेंडू. फ्रिज गॅलरीत गेला. संगीत चालू असताना मिक्सर बंद, पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा. एवढं करून झांज गेलीच. डोकं नुसतं भणभणतं आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

गुन्हेगार सापडला. हिची काठी.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही शेजारच्या खोलीत पडून आहे. उठवायला, बाथरूमला न्यायला, पाणी द्यायला मीच. हाक मारायला मी तिला चांगली बिनतारी बेल आणून दिली होती. ती पहिल्यापासूनच मुकी. सेल बदलले, तरी तेच. दुकानात परत नेली तर दुकानदार माझ्यासमोर बटण दाबून म्हणतो, वाजतेय की काका. असले हे दुकानदार. तोंडाने हाक मारावी, तर आजारपणाने हिचा आवाज पार खोल गेलेला. शेवटी हिनेच काठीचा मार्ग काढला. म्हणाली, बटण दाबून अंगठा दुखतो, त्यापेक्षा मी काठी आपटत जाईन. काठी आपटली की मी घरात कुठेही असलो तरी तत्काळ कळतं आणि मी तसाच उठून जातो. याबाबतीत हिची तक्रार नाही.

पण तोच ठोका सुईतही शिरतो. आज लादीवर पाण्याची वाटी ठेवून बसलो. पलीकडे काठी आपटली की पाण्यावर गोल उमटतो आणि स्पीकरमधून धपधप आवाज येतो. पुरावा यापेक्षा काय हवा? आता ही काही सारखी काठी आपटत नाही, आणि झांज मात्र कधीच नसते, हा मुद्दा आहे. त्याचं उत्तर असं की पलंग हलतो, ही कूस बदलते, कण्हते. खोल्या दोन असल्या तरी खालची लादी एकच.

रविवार, १२ जानेवारी

रबरशेठ येऊन गेला. कारखान्यातला माझा सोबती, आता स्वतःचा रबराचे भाग ओतायचा धंदा आहे, म्हणून हे नाव. आल्या आल्या त्याने आवाजाचं बटण निम्म्यावर आणलं. म्हणे जिन्यातच कानठळ्या बसल्या. मी पुन्हा वाढवलं, तर कानात बोटं घालून बसला.

दुसरी बाजू लावली. शेवट जवळ आल्यावर मी त्याला विचारलं, झांज ऐकू येते का. तो म्हणाला, "येते की. ही काय, आत्ता गेली."

शेठ पहिल्यापासून थापाड्या. मित्राला बरं वाटावं म्हणून वाटेल ते ठोकून देईल. मी त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "रबर देतो तुला लागेल तेवढं. पण आधी एकदा कान दाखव कुणालातरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मशीनला हात लावून बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस मी. चहा न देता त्याला वाटेला लावलं. जाताना आतल्या खोलीत हिच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत उभा होता. काय कारस्थान चाललं होतं कोण जाणे.

मंगळवार, १४ जानेवारी

ठरलं. लहानसहान उपाय पुरे. खोलीची जमीनच तरंगती करायची.

कारखान्यात मोजमापाच्या खोलीला आम्ही हेच केलं होतं. आहे त्या लादीवर रबराच्या गाद्या ठेवायच्या, त्यांवर जाड प्लायवूड, आणि ते चारही भिंतींपासून सुटं. कुठेही खिळा आरपार जाऊ द्यायचा नाही. मग टर्नटेबल, स्पीकर, माझी खुर्ची, मी, सगळेच रबरावर. घरात काहीही आदळो, आत पत्ता लागणार नाही. शेठला फोन केला, तो गाद्या पाठवतो म्हणाला. फोनवर आणखीही काही बोलत होता, पण लाइन खराब होती.

हिला उत्साहाने सगळं समजावून सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. हिने नीट पाहिलं. मग विचारलं, "आणि मी हाक कशी मारायची?"

मी म्हटलं, बेल आहे ना. नवीन आणू, महागातली.

ही भिंतीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली, बऱ्यापैकी लांबलचक. आजारी माणसाचं पुटपुटणं. मी हो हो म्हटलं आणि माप घ्यायला उठलो.

सोमवार, २० जानेवारी

कमरेचा काटा ढिला झाला, पण मजा येते आहे. या वयात गुडघ्यावर रांगत, पाणसळ लावून पातळी बघतो आहे. निम्मी जमीन झाली. दाराची खालची कड रंधून घेतली, चौकटीला कडेने रबरी पट्टी लावली.

मध्ये मध्ये हिची काठी वाजते, उठून जावं लागतं. आज नुसतं विचारायला बोलावलं होतं, जेवलात का म्हणून. मी जरा वैतागूनच बोललो. नंतर वाईट वाटलं, पण काम अर्धवट टाकून जाणं म्हणजे काय ते हिला कसं कळणार? रात्री लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, फोनवरून सूचना देत असते. बाबा ओरडू नका, म्हणते. मी कुठे ओरडतो?

शनिवार, २५ जानेवारी

दुपार. जमीन पूर्ण झाली. त्याच जमिनीवर खुर्ची टाकून हे लिहितो आहे, समोर रेकॉर्ड फिरते आहे.

काय सांगू? पायाखाली काहीच नाही. आजवर या घरात पायांना सतत काही ना काही कळत असायचं, जिन्यातली पावलं, नळ, खालच्यांची दारं. ते सगळं गेलं. वाटीतलं पाणी आरशासारखं आहे. पहिली बाजू सलग ऐकली, एकही ठोका नाही. उलटवून दुसरी ऐकली, एकही नाही. इतका निवांत मी नोकरी सोडल्यापासून कधी बसलो नव्हतो. हिलाही आज बरं वाटत असावं, एकदाही काठी नाही. बहुतेक डोळा लागला.

झांज अजून नाही. पण रबर नवं आहे, वजनाने दबून बसायला वेळ घेतं. येईल. आज मला खात्री वाटते आहे, येईल.

पहिली बाजू पुन्हा लावली आहे. घसा सुकला, पाणी पिऊन येतो.

बुधवार, २९ जानेवारी

लिहायला हात होत नाही. पण कुणाशी बोलू?

शनिवारी मी पाणी प्यायला उठलो. दार उघडलं. एक पाय लाकडी जमिनीवर, दुसरा बाहेर लादीवर टाकला, आणि त्या पायातून ठोका वर आला. मग दुसरा. मग तिसरा. मागचा पाय उचलून लादीवर ठेवला, दोन्ही पायांतून आला. मी परत आत पाऊल टाकलं, काही नाही. बाहेर टाकलं, ठोका. मूर्खासारखा उंबऱ्यात उभा राहून मी हे करत होतो. आत व्हायोलिन चालू होतं, आणि माझ्या कानांना दुसरं काहीही ऐकू येत नव्हतं. हिची खोली दोन हातांवर, दार सताड उघडं. मी कान देऊन उभा होतो आणि ठोके फक्त पायाला कळत होते.

ही पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पडली होती. एकटीने उठून बाथरूमला जायला निघाली होती. कपडे ओले. पाय नको तसा वळलेला. हातात काठी, ती आपटत होती, न बघता, डोळे मिटून. मी समोर बसलो तरी थांबेना. मी काठी धरली तेव्हा थांबली.

मदतीला कुणाला तरी बोलवावं म्हणून बाहेरचं दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, छत फुटेल असं आपटत होत्या हो, मी कधीची बेल वाजवते आहे, दार बडवते आहे. ठोके एक मजला खाली पोचले. शेजारच्या खोलीत पोचले नाहीत, कारण ते पोचू नयेत म्हणून मी माझी आयुष्यभराची अक्कल पणाला लावली होती.

खुबा पुन्हा मोडला. दुसरं ऑपरेशन झालं. लेक आली आहे. ती माझ्याकडे बघत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज हिला वॉर्डात आणलं. लेक औषधं आणायला खाली गेली तेव्हा आम्ही दोघेच होतो.

ही माझ्याशी बोलली. छताकडे बघत, हळूहळू, मध्ये थांबत, पुष्कळ वेळ. ओठ हलताना दिसत होते. शेजारच्या खाटेजवळ बायका बोलत होत्या, कुणीतरी भांडी आपटत होतं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हिचा आवाज कुठेतरी होता. एक शब्द हाताला लागला नाही. मी पुढे वाकलो. तरी नाही.

म्हणायला हवं होतं, की मला ऐकू येत नाही. पण जिने एवढं भोगलं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की जे सांगतेस ते पुन्हा सांग? शेवटी हिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं असावं, कारण वाट पाहत होती. मी मान हलवली. हो.

हिने डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, माफ केलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माफ वगैरे काही नाही. हिने विचारलं होतं, मी लेकीकडे कायमची राहायला गेले तर चालेल का.

लेकीने आज सांगितलं. समोर बसून, माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द तोडून. रविवारी आई जाणार. बाबा हो म्हणाले, असं आईनेच तिला सांगितलं. लेक म्हणाली, "आईला वाटत होतं तुम्ही नको म्हणाल. तुम्ही नको म्हणाला असतात तर ती नसती आली."

सगळं आयुष्य एकत्र काढल्यावर बायकोने सोडून जाऊ का विचारलं आणि मी, नंदीबैलासारखी, मान हलवली. मी लेकीला म्हटलं, अगं मला ऐकूच आलं नव्हतं. ती म्हणाली, ते सगळ्यांना माहीत आहे बाबा, एक तुम्ही सोडून. आणि मला हाताला धरून त्याच इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

काचेच्या पेटीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने एक जाडसा आवाज आला, बोट वर केलं. बाहेर आलो तर डॉक्टर म्हणाले, तो पहिला आवाज नव्हता, आधीचे पुष्कळ होऊन गेले. बारीक आवाज आधी जातात, आणि हे नुकसान जुनं आहे. कारखान्यात होतात का, प्रेस वगैरे होत्या का? होत्या, म्हटलं. त्यांचा हादरा मशीनपर्यंत जाऊ नये याचाच मला पगार मिळत होता. मशीनं अजून ठणठणीत असतील. माझ्या कानांखाली कुणी रबर घातलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

टेनिसचे चेंडू कापत बसलो होतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वापरून पाहायला श्रवणयंत्र दिलं. ते घालून घरी आलो आणि घाबरलो. माझी चप्पल वाजते. वर्तमानपत्र उलटताना काय कडकडाट होतो. हिच्या खोलीत जाऊन बेलचं बटण दाबलं. वाजली. मी खाली बसलो आणि ती वाजायची थांबेपर्यंत रडलो, मग पुन्हा दाबली. दुकानदाराची काय चूक होती बिचाऱ्याची.

रबरशेठला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून जमीन उखडली. त्या बिचाऱ्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. गाद्या जिन्याखाली टाकल्या. त्या दिवशी आत हिच्याशी काय बोललास, असं मी विचारलं. म्हणाला, वहिनींना म्हटलं होतं, आता त्याला स्पष्ट सांगा. तर त्या म्हणाल्या, नको, जगात त्यांना एवढी एकच गोष्ट येते असं त्यांना वाटतं, ती कशी काढून घेऊ?

रेकॉर्ड लावली नाही. आता झांज ऐकू येईल हे मला माहीत आहे. ती ऐकायची माझी लायकी नाही.

अजून दोन दिवस आहेत. मी जाऊन खरं सांगणार आहे. माझी मान माझीच आहे, ती हलली म्हणून काय झालं? हिने एकदा तरी चिडून म्हणावं की आधी का नाही सांगितलंत, मी हजार वेळा चूक कबूल करीन. पलंग एकाच खोलीत लावू. यंत्र झोपेतही काढणार नाही. फक्त जाऊ नये.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी गेलो. लेक कागदपत्रांसाठी खाली रांगेत होती. ही तयार होऊन बसली होती, केस विंचरलेले, मांडीवर शाल. मी खुर्ची अगदी जवळ ओढली आणि सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नव्हतं, लाजेपोटी मान हलवली. माझे कान गेलेत. कधीचे गेलेत. आता यंत्र आहे. जमीन उखडून टाकली. जाऊ नकोस.

हिने माझ्या कानाकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "हे ऐकू येतंय?"

येतंय म्हटलं. आलं होतं. हिचा आवाज खोल गेलेलाच नव्हता. होता तसाच होता, थोडा नाकातला, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. लग्नाला मागणी घालायला गेलो तेव्हा दाराआडून ऐकला होता तोच. बोलायच्या आधी ही श्वास घेते, तोसुद्धा ऐकू आला.

"मग ऐका," ही म्हणाली. "तुमचे कान गेलेत हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर काठी घेतली. ती तेवढी तुम्हाला कळायची. तीही तुम्ही बंद केलीत."

मी मध्ये बोलायला गेलो. हिने हात वर केला.

"मी पडले तेव्हा पलीकडे व्हायोलिन चालू होतं. वाटलं, ही बाजू संपली की येतील. संपली. तुम्ही खुर्चीतून उठलात, रेकॉर्ड उलटवलीत, परत बसलात. मला सगळं ऐकू येत होतं. मी आपटत होते, हाका मारत होते. दुसरी बाजू संपली. मनात म्हटलं, आता तरी. तर तुम्ही पुन्हा पहिली लावलीत. मला तुमचा राग नाही. पण डोळे मिटले की मला ती रेकॉर्ड उलटवलेली ऐकू येते. त्या घरात मला आता झोप लागणार नाही. मी नाही येणार."

लेक चाकाची खुर्ची घेऊन आली. मी उठून बाजूला झालो. हिने शाल सारखी केली, पिशवी मांडीवर घेतली, आणि औषधांच्या वेळा लेकीकडून समजावून घेतल्या. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी उभा होतो.

आज हिचं सगळं बोलणं ऐकू आलं. एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.